वहिनी, पैशांचं काय मधेच, कोलॅब करू ना!

या वेळचं पत्र, थोडं कापून:

"ताई नमस्कार. मी बडोद्याची, मांजलपूरला राहते, वय 34. क्रोशा मला सासूबाईंनी शिकवला, त्यांचा तोरणं, रुमाल, रुखवताचा मोठा पसारा असायचा. मी कपडे करते आणि गेल्या वर्षापासून आफ्रिकन पॅटर्नचं वेड लागलंय. आठ पीस तयार आहेत, केंतेच्या रंगांचं लांब जॅकेट, मडक्लॉथसारखा काळापांढरा पोंचो, दोन न्देबेले पिशव्या, दोन टॉप आणि बोंडंबोंडंवाल्या दोन टोप्या. मिस्टरांचा मामेभाऊ लग्नाचे फोटो काढतो, तो म्हणतो वहिनी पैशांचं काय मधेच, कोलॅब करू, कपडे तुझे कॅमेरा माझा. अलकापुरीची एक बुटीकवाली स्टायलिंग करणार, पण म्हणते कपडे महिनाभर माझ्याकडे राहू देत. मॉडेल आमच्याच सोसायटीत भाड्याने राहणारी घानाची मुलगी, युनिव्हर्सिटीत एमए करते, ती हो म्हणालीय. ती नाही जमली तर आपलीच कुणीतरी घेऊन मेकअपने डार्क करू असं मामेदीर म्हणतो. थीम 'ट्राइब', म्हणजे जंगल, ढोल, बिबट्याचं प्रिंट. नणंद म्हणते हे आपलं नाहीच तर कशाला करतेस. आणि नवरा म्हणतो घरच्या माणसाकडून कसला कागद लिहून घ्यायचा. काय करू? — लोकरवाली, मांजलपूर"

लोकरवाली,

आधी ते मेकअपचं. नाही. कुठल्याच परिस्थितीत नाही, ती मुलगी आजारी पडली, परीक्षा आली, काहीही झालं तरी दुसऱ्या कुणाला काळं रंगवून उभं करायचं नाही, शूट पुढे ढकल नाहीतर आपल्याकडची मुलगी तिच्या स्वतःच्या रंगात उभी कर, कपडे तिच्यावरही छानच दिसतील. याचा अपमान कुणाला आणि कसा वाटतो हे मी समजावत बसत नाही, मामेदिराला एवढंच सांग की त्या घानाच्या मुलीसमोर हे वाक्य इंग्रजीत बोलून दाखव. बोलवणार नाही त्याला.

आता कोलॅब. मला या शब्दाचा राग नाहीये, उलट चार जण आपापलं काहीतरी आणतात नि सगळ्यांचंच काम होतं, झकास आहे की. पण कोलॅबमध्ये पैसे नसतात म्हणून लोकांना वाटतं की हिशोबही नसतो, आणि तिथेच सगळी भांडणं होतात. पैसे दिले असते तर निदान कोण कुणाचं काय लागतं ते बिलावर आलं असतं, इथे बिलच नाही, त्यामुळे सगळं आधी बोलून घ्यावं लागतं, आणि बोलायचं म्हणजे "बघू रे, करू काहीतरी" असं नाही.

एक गोष्ट बहुतेकांना ठाऊक नसते म्हणून नीट सांगते. फोटोत कपडे तुझे, मेहनत तुझी, डिझाइन तुझं, म्हणून फोटो तुझा होत नाही. आपल्याकडे 1957 चा कॉपीराइट कायदा आहे, त्याच्या 17 व्या कलमाप्रमाणे फोटोचा पहिला मालक तो काढणारा. अपवाद असा की कुणी मोबदला देऊन फोटो काढून घेतले आणि वेगळं काही ठरलेलं नसलं तर मोबदला देणारा मालक. म्हणजे लग्नात मामेदिराला पैसे मोजून बोलावणारे यजमान आणि कोलॅब करणारी तू, तुमची बाजू सारखी नाही. तू एक रुपयाही दिला नाहीस तर सरळ अर्थ असा की फोटो त्याचे, उद्या तुझ्या जॅकेटचा फोटो त्याने एखाद्या लोकरीच्या कंपनीला विकला तर तुला कळणारही नाही. आता कपडे दिले हाच मोबदला असा वाद घालता येईल म्हणा, पण वाद घालायला तू कोर्टात जाणारेस का मामेसासऱ्यांच्या मुलावर? दिवाळीला फराळाला कोण कुणाकडे जाणार मग.

म्हणून दोन रस्ते. एक, त्याला त्याच्या अर्ध्या दिवसाचे ठरतील ते पैसे दे, आणि फोटो तुझ्या मालकीचे हे लिहून घे. किंवा दोन, फोटो त्याचेच राहू देत, पण तुला ते तुझ्या विक्रीसाठी कायम वापरायची लेखी परवानगी हवी, इन्स्टाग्राम, वेबसाइट, व्हॉट्सअ‍ॅप कॅटलॉग, प्रदर्शनातलं बॅनर, सगळीकडे, देशात आणि परदेशात. मला विचारशील तर तुझ्या आठ पिसांसाठी दुसरा रस्ता पुरे. मालकीचा हट्ट कशाला, तुला विकायच्यात पिशव्या, फोटो नाही विकायचे. फक्त त्याने दुसऱ्या कुणाला ते विकायचे किंवा जाहिरातीला द्यायचे झाले तर आधी तुला विचारायचं, हे एक वाक्य घालायचं.

आणि कुठलाही रस्ता घेतलास तरी हे लक्षात ठेव, हक्क एकाचे दुसऱ्याच्या नावावर करायचे तर सहीचा कागद लागतो, व्हॉट्सअ‍ॅपवर अंगठा दाखवून होत नाही. कागदात किती वर्षांसाठी ते लिहिलं नाही तर कायदा पाच वर्षं धरतो, कुठल्या प्रदेशासाठी ते लिहिलं नाही तर फक्त भारत. तू उद्या लंडनच्या गिऱ्हाइकाला टोपी पाठवणार नि फोटो फक्त भारतापुरता, असला घोळ नको.

बुटीकवालीचं उत्तर त्याहून छोटं आहे. कपडे महिनाभर देऊ नकोस. शूटच्या दिवशी तू स्वतः घेऊन जा, मोजून दे, मोजून परत आण. तिला का हवेत महिनाभर? गिऱ्हाइकांना दाखवायला, आणि दाखवताना ती "हे आमच्या बुटीकचं" म्हणणार, म्हणणारच, दुकानात कोण खुलासे करत बसतं. तिला विकायचे असतील तर ते वेगळं बोलणं, कमिशन किती, न विकलेला माल कधी परत, लेबल कुणाचं, ते खुशाल कर, पण शूटच्या मांडवात ते लग्न लावू नकोस. शिवाय जाळीचा सुती क्रोशा महिनाभर हँगरवर टांगला तर स्वतःच्याच वजनाने खाली ओघळतो, जॅकेट गुडघ्याचं पोटरीपर्यंत येईल. स्टायलिंगसाठी तिचं नाव मात्र ठळक द्यायचं, ते तिचं हक्काचं आहे.

नावावरून आठवलं, आता मला खरं जे बोलायचंय ते. तुला मामेदिराने फोटोखाली तुझं नाव घालावं असं वाटतं ना? मग हीच गोष्ट तुझ्या आठ पिसांनाही लागू कर. तू त्यांना "आफ्रिकन ट्राइब" म्हणतेस. बाई गं, पैठणी, पाटणचा पटोळा आणि पंजाबची फुलकारी एका टोपलीत घालून कुणी "एशियन ट्राइबल" म्हणून विकली तर तुझ्या सासूबाई काय म्हणतील? तुझ्याकडे चार वेगवेगळ्या देशांतल्या गोष्टी आहेत आणि घाना ते दक्षिण आफ्रिका हे अंतर बडोदा ते गुवाहाटीच्या दुपटीपेक्षा जास्त भरतं.

केंते घानाचं, आशांती आणि एवे लोकांचं, तिथले विणकर अरुंद मागावर साधारण चार इंच रुंदीच्या लांब पट्ट्या विणतात आणि मग त्या एकमेकींना जोडून मोठं कापड करतात. कुमासीजवळचं बोनविरे हे गाव त्यासाठी प्रसिद्ध आहे, आणि 2024 मध्ये युनेस्कोने ही कला आपल्या वारशाच्या यादीत घेतली. तू केलंयस ते मागावरचं नाही, सुईवरचं आहे, म्हणून त्याला केंते जॅकेट म्हणू नकोस, "घानाच्या केंतेवरून सुचलेलं क्रोशाचं जॅकेट" म्हण, थोडं लांब होतं पण खरं होतं. आणि केंतेच्या नमुन्यांना नावं असतात, रंगांना अर्थ असतात, तुझ्या जॅकेटमधला नमुना कुठल्या नावाच्या जवळ जातो ते त्या मुलीला दाखवून विचार, एखादा नमुना तिच्या घरी अमुक प्रसंगालाच वापरत असतील तर ते फोटो काढायच्या आधी कळलेलं बरं.

मडक्लॉथ म्हणजे मालीचं बोगोलान. सुती पट्ट्या जोडून केलेलं कापड झाडपाल्याच्या काढ्यात पिवळं करतात आणि त्यावर महिनोन् महिने आंबवून ठेवलेल्या नदीच्या चिखलाने रंगवतात, बामाना बायकांचं काम हे. मालीचा एक डिझायनर होता, क्रिस सैदू, 1994 मध्ये वारला, त्यानेच हे कापड मोठ्या फॅशनच्या जगात नेलं, आणि तो स्वतः तिथला असूनही जुन्या नक्षीच्या कापडाला कात्री लावायला कचरायचा, कारण त्या नक्षीला अर्थ असतात. तुझ्या पोंचोवर तू इंटरनेटवरून चार-पाच चिन्हं उचलून शेजारीशेजारी बसवलीयस असं तू पत्रासोबत पाठवलेल्या फोटोवरून दिसतंय. मोडून परत कर असं म्हणत नाहीये, पण पुढच्या वेळी एकच चिन्ह घे, त्याचा अर्थ शोध, आणि तेवढंच विण. काळापांढरा क्रोशा तसाही गिचमिड झाला की वाईट दिसतो.

न्देबेले हे दक्षिण आफ्रिकेतले लोक, ही शैली त्यांची. घराच्या भिंती रंगवणाऱ्या बायका, काळ्या रेघेत बंदिस्त केलेले सपाट भडक रंग, मण्यांचं कामही तसंच. एस्थर म्हलांगू या न्देबेले चित्रकर्तीने 1991 मध्ये बीएमडब्ल्यूची एक अख्खी गाडी याच शैलीत रंगवली, आणि आज ती गाडी तिच्या नावानेच ओळखतात. अशा जिवंत कलाकाराची एखादी ठरावीक रचना जशीच्या तशी टाक्यांत उतरवणं वेगळं आणि शैलीवरून स्वतःचं काही करणं वेगळं, तुझ्या दुसऱ्या पिशवीचा मला थोडा संशय आहे, तो नमुना कुठून घेतलास ते आठवून बघ. आठवलं नाही तर ती पिशवी शूटला नेऊ नकोस.

आणि आता टोप्या, ज्यांच्याबद्दल तू पत्रात एक ओळ लिहिलीस आणि माझ्या मते त्याच सगळ्यात भारी आहेत. या बोंडंवाल्या टोप्या कॅमेरूनच्या ग्रासफील्ड्स भागातल्या, तिथे मानकरी पुरुष त्या मानाचं चिन्ह म्हणून घालतात, आणि त्या मुळातच सुती दोऱ्याच्या, सुईने केलेल्या असतात. म्हणजे बाकी सगळं तू कापडावरून किंवा भिंतीवरून क्रोशात आणलंयस, टोपी मात्र क्रोशातून क्रोशात आली. हे कॅप्शनमध्ये लिही! कुणीच लिहीत नाही हे, लोकांना वाटतं क्रोशा म्हणजे युरोपातल्या गोऱ्या मडमांनी जगाला शिकवलेलं काम. फक्त ती टोपी घालून जीभ बाहेर काढलेला गमतीचा फोटो नको, मानाची वस्तू आहे, आपल्याकडे पगडी घालून कुणी माकडचेष्टा केल्या तर कसं वाटेल.

नणंदेच्या प्रश्नाचं उत्तर यातच येतं. तिचं अगदीच चूक नाही, विचारते ते बरं करते. पण कापड कधी एका गावात बसून राहिलंय? गुजरातची ठशांची कापडं मध्ययुगात इजिप्तला जायची, कैरोजवळच्या फुस्तातमध्ये त्यांचे तुकडे सापडलेत, आज ते संग्रहालयांत आहेत. नायजेरियाच्या नदीमुखातले कालाबारी लोक तर मद्रासी चौकटीचं कापड घेतात आणि त्यांच्या बायका त्यातले ठरावीक धागे ब्लेडने कापून ओढून काढतात, उरलेल्या कापडात नवीनच नक्षी उमटते, आणि ते कापड त्यांच्या लग्नामयतात लागतं, इतकं ते त्यांचं झालंय. त्यांनी आपलं घेतलं, स्वतःची अक्कल नि मेहनत घातली. तूही तेच कर. नुसतं उचललं आणि कुणाचं ते सांगितलं नाही, असं झालं तर मात्र नणंद बरोबर.

याच कामात कुणाकडे बघायचं तर दक्षिण आफ्रिकेचा लादुमा न्क्सोकोलो, त्याचा मखोसा म्हणून विणलेल्या कपड्यांचा ब्रँड आहे, खोसा लोकांच्या मण्यांच्या कामावरून त्याने स्वेटरची नक्षी काढली. तो स्वतः खोसा आहे, त्याला कुणाला विचारायची गरज नव्हती. आपल्याला आहे, एवढाच फरक.

आता त्या मुलीचं. ती हो म्हणाली म्हणून गृहीत धरू नकोस, शेजारच्या दीदीला नाही म्हणणं परक्या शहरात अवघड असतं. तिला आधी कपडे दाखव, थीम सांग, आवडत नसेल तो पीस ती घालणार नाही हे आधीच कबूल कर. आणि पैशांचा एक पेच आहे, स्टुडंट व्हिसावर आलेल्या परदेशी विद्यार्थ्यांना इथे कमाईचं काम करता येत नाही, त्यामुळे तू प्रेमाने दोन हजार हातात ठेवशील आणि त्रास तिला होईल. युनिव्हर्सिटीत परदेशी विद्यार्थ्यांचं ऑफिस असतं, तिने तिथे विचारून घ्यावं की मॉडेलिंग, मानधन, भेटवस्तू यातलं काय चालतं, आणि ते सांगतील तसं. "चालत नाही म्हणजे फुकटात झालं" असा आनंद मानू नकोस, ऑफिस नाही म्हणालं तर तिला मॉडेल करू नकोस, सल्लागार म्हणून नाव दे तिची हरकत नसेल तर, आणि बाहेरची मॉडेल पैसे देऊन घे. ती उभी राहिलीच तर तिच्याकडूनही लेखी होकार हवा, फोटो कुठे वापरणार, किती काळ, तिचं नाव घालायचं की नाही. घानात तिच्या आईला फोटो दिसणार आहेत हे डोक्यात असू दे.

कुणीतरी सुचवेलच की भरूच जिल्ह्यात रतनपूरला सिद्दी लोक आहेत, तिथून मुली आण. सिद्दींचे पूर्वज आफ्रिकेतून आले हे खरं, पण ते शेकडो वर्षं इथले आहेत, गुजराती बोलतात, तुझ्यामाझ्यापेक्षा जुने गुजराती म्हण ना. मॉडेल म्हणून एखादी आली, पैसे घेऊन, स्वतःच्या नावाने, तर उत्तमच. "आफ्रिकन लुक" म्हणून आणायचं तर नको.

थीम बदला. जंगल, ढोल, बिबट्या, काही नको, निम्म्याहून जास्त फोटोंत कपडे दिसणारच नाहीत, बिबट्याच्या ठिपक्यांपुढे तुझे टाके कोण बघणार. मामेदिराला सेदू केइता आणि मालिक सिदिबे ही दोन नावं सर्च करायला सांग. दोघंही मालीच्या बामाको शहरातले स्टुडिओ फोटोग्राफर, केइताने 1948 मध्ये स्टुडिओ टाकला, गिऱ्हाइकं नटूनथटून यायची, मागे नक्षीचा पडदा, आणि पहिला पडदा म्हणजे त्याची स्वतःच्या पलंगावरची चादर. रेडिओ, घड्याळ, त्याची व्हेस्पा, असल्या वस्तू घेऊन लोक ऐटीत बसायचे. सिदिबेला 2007 मध्ये व्हेनिसच्या बिएनाले या मोठ्या कलाप्रदर्शनात जीवनगौरवाचा सुवर्णसिंह मिळाला. आपल्या दांडिया बाजारातल्या जुन्या स्टुडिओंत आजी-आजोबांचे फोटो असेच निघायचे की, पडदा, तिपाई, कुंडी. म्हणजे तुमच्याच गच्चीवर दोरीला एखादी अजरखची चादर बांध, खाली चटई, एक जुनी खुर्ची, मामेदिराची स्कूटर, झाला सेट, शून्य खर्च. आणि कॅप्शनमध्ये त्या दोघांचं नाव घाला, कल्पना त्यांच्याकडून आली ना.

बाहेर जायचंच असेल तर सिंधरोटकडे मही नदीच्या काठची कोतरं, म्हणजे घळी, सकाळी फार सुंदर दिसतात, मातकट उभ्या भिंती, त्यावर केंतेचा पिवळा-हिरवा उठून येईल. पण मही ती मही, "आफ्रिकेत शूट केलं" असा आव नको. चांपानेरला जायचं म्हणशील तर ती पुरातत्त्व खात्याची जागा, तिथे मॉडेल आणि लाइटचा ताफा घेऊन जाण्याआधी परवानगी, लक्ष्मी विलास पॅलेसला तर विचारायलाच नको. आठ पिसांसाठी गच्ची पुरे.

फोटोग्राफर लग्नाचा आहे म्हणून तीन गोष्टी मुद्दाम सांगायच्या. लग्नाच्या एडिटिंगमध्ये सवयीने सगळ्यांना गोरं करतात, तो प्रीसेट इथे बंद, तिचा रंग आहे तसा यायला हवा. दुसरं, क्रोशाला समोरून फ्लॅश मारला की टाके सपाट होतात, उजेड बाजूने हवा, तिरका, म्हणजे प्रत्येक खांबाची, उभ्या टाक्याची, सावली पडते आणि लोकांना कळतं की हे हाताचं काम आहे. तिसरं, प्रत्येक पिसाचा एक फोटो नुसता कपड्याचा, उजेडात सपाट मांडून, आणि एक अगदी जवळून टाक्यांचा, त्याला कंटाळा येईल कारण त्यात कला नाही, पण गिऱ्हाईक तेच बघून पैसे देतं. रील नंतर.

तुझ्या बाजूची तयारी म्हणजे सगळे पीस आदल्या आठवड्यात धुऊन, टाचण्या लावून, मापात वाळव, दोऱ्यांची सुटलेली शेपटं आत ओवून टाक, कॅमेऱ्याला एक शेपूट लगेच दिसतं. जाळीच्या टॉपखाली घालायची स्लिप आपल्याकडे "स्किन कलर" म्हणून जी मिळते ती बिस्किटाच्या रंगाची असते, ती तिच्या अंगावर पांढऱ्या पट्टीसारखी दिसेल, तिच्या रंगाची गडद तपकिरी शोध, मंगळबाजारात अस्तराचं कापड घेऊन शिवून घेतलीस तरी चालेल. मेकअपवालीकडे तिच्या शेडचं फाउंडेशन नसेल हे धरूनच चाल, तिलाच स्वतःचं आणायला सांग. केस ती म्हणेल तसे, कुणी हात लावायचा नाही.

कधी करायचं हेही सांगते, तुला विचारायचं सुचलं नाही. नवरात्रीच्या आसपास बडोद्यात कुणी कुणाचं नसतं, तुळशीचं लग्न झालं की मामेदीर लग्नांत अडकणार. पण डिसेंबरच्या मध्यापासून संक्रांतीपर्यंत कमुरता, गुजराती लग्नं बंद, तो रिकामा, हवा थंड, लोकरीत मॉडेलला घाम नाही, ऊन तिरकं. फक्त जानेवारी उजाडला की गच्चीगच्चीवर पतंग नि मांजा सुरू होतो, आणि मांजा पोंचोत अडकला तर तुझे तीन आठवडे गेले, म्हणून नाताळच्या आतच उरक.

राहता राहिला नवरा. घरच्या माणसाकडून कागद घेतला तर संबंध बिघडतात असं त्याला वाटतं. त्याला विचार, तुमच्या वाड्याच्या वाटणीचा कागद केला होता की नाही? त्याला "करार" म्हणू नकोस हवं तर. मामेदिराला हा मेसेज पाठव, शूटच्या दिवशी हाच प्रिंट काढून सगळ्यांच्या सह्या घे, बुटीकवालीच्याही:

"अरे, शूटचं नक्की करू या. मी आठ पीस आणते, त्याच संध्याकाळी परत नेते, प्रत्येकाची किंमत सोबतच्या यादीत आहे, खराब झाला तर ज्याच्या हातून झाला त्याने भरायचा. तू निवडलेले तीस फोटो, पंधरा दिवसांत, एडिट करून. फोटो तुझ्या मालकीचे, मला माझ्या कामासाठी आणि विक्रीसाठी जगभर कायमचे वापरायला तुझी परवानगी. तुला पोर्टफोलिओला वापरायला माझी. तिसऱ्या कुणाला द्यायचे किंवा विकायचे तर तुझी, माझी आणि मॉडेलची, तिघांची हो हवी. प्रत्येक पोस्टला वरच्या दोन ओळींतच डिझाइन, फोटो, स्टायलिंग, मॉडेल सगळ्यांची नावं, नुसता टॅग नाही, आणि इन्स्टावर कोलॅब पोस्ट टाकायची म्हणजे दोघांच्या पेजला दिसेल. थीम ट्राइब नाही, जुना स्टुडिओ, दोन नावं पाठवते ती बघ. कुणालाही मेकअपने रंगवायचं नाही. रिक्षा, मेकअप आणि सगळ्यांचं जेवण माझ्याकडे. चालतंय का? नसेल चालत तर आत्ताच सांग, राग नाही."

हो म्हणाला तर सोन्याहून पिवळं. "वहिनी एवढं काय" म्हणाला तर शांतपणे म्हण की मग पैसे सांग तुझे, मी गिऱ्हाईक म्हणून येते, आणि मग फोटो माझे. बहुतेक तो मेसेजला हो म्हणेल. आणि शूटला दुपारचं जेवण म्हणून नुसती सेव उसळ मागवू नकोस, तिखट तर्रीचा एक थेंब त्या पांढऱ्या लोकरीवर पडला की संपलं, ती सगळं आवरल्यावर.

ता.क. टोप्या ॲक्रिलिक लोकरीच्या असतील तर त्यांच्यावर इस्त्री फिरवू नकोस, वाफसुद्धा लांबून, बोंडं एकदा चपटी झाली की परत उठत नाहीत.